चार बोटांची रेघ

हिंजवडीत शंभर माणसांची टीम हाकणाऱ्या प्रज्ञेशने खाऱ्या पाण्याच्या फिशटँकखाली ठेवायची, पाणी गाळून पुन्हा वर पाठवणारी टाकी स्वतःच ॲक्रिलिक कापून, चिकटवून केली. तीन रविवार कोथरूडच्या फ्लॅटमध्ये कुणाला हॉलमध्ये पाय ठेवायची सोय नव्हती.

चाचणी चालू असताना त्याच्या चौथीतल्या लेकीच्या, मैत्रीच्या लक्षात आलं, की पंप थांबला की वरचं पाणी उतरतं आणि खालच्या टाकीतलं पाणी चार बोटं चढतं. तिने काठाच्या चार बोटं खाली स्केचपेनने रेघ मारली. “पप्पा, याच्या वर भरू नका. लाइट गेली तर?”

“इंजिनिअर कोण, तू की मी? आधी होमवर्क संपव.” चौथीतल्या पोरीचं ऐकलं तर पदवीला कमीपणा येतो ना! प्रज्ञेशने स्पिरिटने रेघ पुसली आणि ऐटबाज दिसावी म्हणून टाकी काठोकाठ भरली.

गुरुवारी देखभालीच्या कामासाठी ठरल्याप्रमाणे वीज गेली. संध्याकाळी तो घरी पोचला, तर दारात खालच्या मजल्यावरच्या आगाशेकाकू पातेलं घेऊन उभ्या. “अहो प्रज्ञेश, आमच्या आमटीत मीठ आम्हीच घालतो हो. तुम्ही वरून कशाला त्रास घेता?”

सगळी फरशी पुसून झाल्यावर तो मैत्रीच्या टेबलाशी घुटमळला. “बेटा, ती रेघ नक्की कुठे होती गं?”

मैत्रीने वहीतून मान वर केली नाही.



“थांबा पप्पा, आधी होमवर्क संपवू द्या.”