डावीकडचा चौकोन

चारही कोड बसले आणि स्कॅनरच्या पडद्यावर दोन ओळी आल्या. खाली दोन चौकोन, एक डावीकडे, एक उजवीकडे. पुंजाजी मिस्त्री बोट उचलून थांबला.

गॅरेजच्या दारात जीप उभी होती, बोनेट उघडं. दुसरं इंजिन बसवून झालं होतं. नळ्या, वायरी, पट्टा, सगळं त्यानं स्वतःच्या हातानं घट्ट केलं होतं. त्या कामात मोताळ्यात त्याचा हात कोणी धरू शकत नव्हतं. राहिलं होतं ते एवढंच. नव्या गाड्यांत इंजिन बदललं की स्कॅनर जोडून गाडीच्या कॉम्प्युटरला तसं सांगावं लागतं. चार सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे चार नोझल, प्रत्येकाच्या डोक्यावर कोरलेला कोड, तो त्या त्या सिलिंडरच्या नंबरापुढंच टाकायचा. मग कुठं किती डिझेल सोडायचं ते कॉम्प्युटर ठरवतो.

"मिस्त्री, नवी नवरी हाय का ते? नुसते पाहूनच राह्यले!" हिंमतराव हसला. जीप त्याचीच, मोताळा ते बुलडाणा सीटा भरायचा. मग त्याला आठवलं आणि त्यानं जीभ चावली. मिस्त्रीची बायको, सत्यभामाबाई, जाऊन महिनाच झाला होता.

"झालंच," पुंजाजी म्हणाला.

हिंमतरावानं थांब्यावरची माणसं आधीच आणून जीपमध्ये बसवली होती. नऊ जण. मागच्या बाकावर एक म्हातारी, मांडीवर नात.

"चालू होते का नाही रे बापा? डाक्टर उठून जाईन तिकडं."

"होते आजी. आता मिस्त्रीचा हात लागला, कायजी नाही." हिंमतराव पुंजाजीकडं वळला. "मागल्या टाइमले दुसऱ्याकडं गेलो होतो. त्या बहाद्दरानं कोड उलटेपालटे टाकले. एकाच पिस्टनवर डिझेल जास्त पडे. ऐन राजूर घाटात भोक पडलं त्याले. इंजिन बंद, ब्रेक दगडावानी, अन् गाडी मांगं मांगं. कठड्याले टेकली म्हणून उभा हाय तुमच्यासमोर."

पुंजाजीनं बोट फडक्याला पुसलं.

त्याला वाचता येत नव्हतं. हे एकाच माणसाला माहीत होतं. स्कॅनर लावायचा असला की सत्यभामाबाई जवळ येऊन बसायची, चष्मा लावायची, नोझलवरची इंग्रजी अक्षरं वाचायची, बटनं दाबायची. कोणी विचारलंच तर म्हणायची, "मले काय समजते? ते सांगतात अन् मी दाबते."

सकाळपासून त्यानं एकेक अक्षर पाहून, तसाच आकार स्कॅनरवर शोधून दाबला होता. कोड बसले. पण या दोन ओळी कशाशी जुळवायच्या?

त्याला तिचं बोट आठवलं. ओळी आल्या की ते डावीकडं जायचं. बहुतेक डावीकडंच. कधीकधी ती आधी त्याला काहीतरी विचारायची. तो बोनेटमधून डोकं न काढता उत्तर द्यायचा. काय विचारायची, ते काही केल्या आठवेना.

बोट डाव्या चौकोनापाशी गेलं. जीपमध्ये म्हातारी नातीच्या कानाला फडकं बांधत होती. घाटात वारं लागतं म्हणून.

त्यानं बोट मागं घेतलं.

"हिंमतराव, हे वाच."

"मी? तुम्ही काऊन..."

"मले येत नाही वाचता."

हिंमतराव हसणार होता. मिस्त्रीचं तोंड पाहून थांबला. त्यानं स्कॅनर हातात घेतला आणि एकेका शब्दावर नख ठेवत, ओठ हलवत वाचलं.

"या इंजिनाचा एक नंबरचा सिलिंडर मांगून धरा म्हणते. गिअरबॉक्सकडून. कोड तसेच टाकले ना, विचारते. डावीकडं हो, उजवीकडं नाही." त्यानं वर पाहिलं. "तुम्ही कुठून धरला?"

"पुढून," पुंजाजी म्हणाला. जन्मभर त्यानं पंख्याकडूनच मोजलं होतं.

हिंमतरावानं स्कॅनर खाली ठेवला. जीपपाशी गेला आणि मागचं दार उघडलं.

"उतरा. सगळे उतरा."

"आता काय झालं?"

"काही नाही आजी. दुसऱ्या गाडीत बसा."

माणसं कुरकुरत उतरली, रस्त्याकडं गेली. हिंमतराव परत आला. आवाज एकदम खाली आणला.

"मिस्त्री, वहिनी गेल्यावर अजून कोणत्या गाडीचं इंजिन बदललं?"

पुंजाजीनं बोटांवर दिवस मोजले. आठ दिवस झाले असतील. असंच इंजिन. तेव्हाही दोन ओळी आल्या होत्या. त्यानं डावीकडं दाबलं आणि गाडी पहिल्याच सेल्फला चालू झाली. तेव्हा केवढं बरं वाटलं होतं.

"शाळेची," तो म्हणाला. "घाटावरच्या. पोरं नेते-आणते ती."

हिंमतरावानं मनगटावरच्या घड्याळाकडं पाहिलं. शाळा सुटून दहा मिनिटं झाली होती.

"डायवर कोण? फोन हाय का त्याचा?"

"दीपक. हाय." पुंजाजीनं खिशातून मोबाईल काढला. नावांची लांब यादी उघडली. त्याचा अंगठा तीवर वर गेला, खाली आला. मग त्यानं मोबाईल हिंमतरावापुढं धरला.

"यातच हाय. तिनं टाकून ठेवलेलं. वाच."