आप्पांचा बाक

"खांदे मागे घ्या आप्पा, पाठ भिंतीला टेकू दे," सुलभा म्हणाली. डॉक्टरांनी शिकवलेला व्यायाम ती रोज करून घ्यायची.

पिठाच्या गिरणीत आप्पांची फुप्फुसं कामातून गेली होती. गुडघ्यांवर कोपरं रोवून पुढं वाकले, तरच श्वास पुरायचा. "भिंत ताठ आहे ना? घरात एक ताठ असलं की पुरे," ते धापा टाकत म्हणाले. तरी लेकीसाठी खांदे मागे ओढले.

दुसऱ्या दिवशी पहाटे आप्पा गेले. त्यांना जमिनीवर निजवलं, तर पाठीच्या बाकामुळं डोकं खाली टेकेना. "अंग आखडायच्या आत सरळ करा," म्हणत काका खांदे दाबू लागले.

सुलभानं काकांचे हात बाजूला केले. आप्पांच्या मानेखाली उशी सरकवली.

"राहू द्या आप्पा," जिवंतपणी त्यांना कधीच न म्हटलेलं ती मोठ्यानं म्हणाली, "वाकूनच बसा."