खाडीकडची खोली

प्रभाकर खाटेपासून चार पावलांवर येऊन थांबला आणि म्हणाला, "वहिनी, वाईट वाटून घेऊ नका, पण ही खाट आत घ्या."

पडवीत मांडलेल्या त्या खाटेवर मधू पेजेची वाटी घेऊन बसला होता. त्याने वाटी खाली ठेवली. वासंतीने नवऱ्याकडे बघितलं, मग पडवीभर. रविवारची सकाळ होती. कोपरीच्या त्या बैठ्या चाळीतली माणसं आपापल्या दारात येऊन उभी होती. बोलायचं काम त्यांनी प्रभाकरवर सोपवलं होतं. तो ठाण्याच्या कोर्टात कारकून होता, कुणाला न दुखवता बोलणं त्याला जमायचं.

"आमची हेमा दिवसभर ह्याच पडवीत खेळते," तो म्हणाला. "चार वर्षांची पोर. लांब राहा म्हटलेलं तिला कळत नाही. साधा ताप असता तर मी आलो नसतो, वहिनी. पण क्षय आहे हा."

वासंतीला त्याचा राग आला नाही. ती उठली आणि खोलीचं दार पुरतं उघडून बाजूला झाली.

"आत बघा, भावजी."

प्रभाकरने वाकून बघितलं. मागची भिंत लाकडाच्या वखारीला टेकलेली, दोन्ही अंगांना शेजारी. उजेड येणार तो ह्या एका दारातून. चुलीचा धूर छताखाली साचून राहिला होता. पावसाळ्यात चढलेली ओल मार्गशीर्ष लागला तरी भिंतीवर कमरेइतकी होती.

"सुया चालू आहेत ह्यांना," वासंती म्हणाली. "पण डॉक्टरांनी बजावलंय, औषध निम्मं काम करील आणि निम्मं हवा आणि ऊन. कोंदट खोलीत ठेवलंत तर बरा होत आलेला माणूससुद्धा खचेल. गेल्या महिन्यात दहा दिवस आत होते, तर खोकून खोकून उठवत नव्हतं. पडवीत आणल्यापासून दोन घास जातायत. तुम्ही म्हणाल तिथे पडदा लावते, म्हणाल तितकं फिनेल टाकते. पण आत कसं घेऊ, तुम्हीच सांगा."

मधूनेच पाय खाली सोडले.

"घे आत," तो म्हणाला. "त्याचं खरं आहे. लहान पोरं आहेत इथे."

तेव्हा शेवटच्या खोलीतल्या रखमाबाई पुढे आल्या. साठी उलटलेली, एकटी राहणारी बाई. चाळीतल्या कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही.

"डॉक्टर काय म्हणाला? परत सांग."

"हवा आणि ऊन, मावशी. पांघरूण घाला म्हणाले, पण खिडकी लावू नका."

"थंडीत पण?"

"थंडीत पण."

रखमाबाईंनी वळून आपल्या दाराकडे बघितलं. मग प्रभाकरला म्हणाल्या, "खाट माझ्या खोलीत न्या. खाडीच्या अंगाला खिडकी आहे. पोरं तिकडे फिरकत नाहीत. मी हिच्या खोलीत राहते. मालकाला काय सांगायचं ते तू सांग, तुला बोलता येतं."

"अहो, पण तुम्ही ह्या खोलीत कशा राहणार?" प्रभाकर गडबडला. "आधी धुवायला हवी, भिंतींना चुना लावायला हवा."

"मग लाव की. दोन हात आहेत तुला."

वासंतीने त्यांचा दंड धरला. "मावशी, मी तुम्हाला ह्या अंधारात घालू? तुम्ही आजारी पडलात तर?"

"दिवसाची येऊन बसेन तुझ्याकडे. निजायला कुठे उजेड लागतो?"

बोलणं तिथेच संपवून त्या आपल्या खोलीकडे निघाल्या. वासंती मागोमाग गेली. खोली स्वच्छ सारवलेली होती, पण इथेही अंधारच होता. खिडकी बंद होती. झडपांच्या फटींवर, चौकटीच्या कडांवर खळ लावून वर्तमानपत्राच्या पट्ट्या चिकटवल्या होत्या. एकीवर दुसरी, दुसरीवर तिसरी. कागद तपकिरी होऊन लाकडाला धरला होता. रखमाबाईंनी चुलीजवळचं उलथनं घेतलं आणि खरवडायला सुरुवात केली.

"हे कुणी लावलं?" वासंतीने विचारलं.

"मीच." उलथनं थांबलं नाही. "माझ्या आनंदाला हाच खोकला होता. एकुलता पोर. वारा बाधेल म्हणून एक फट ठेवली नाही मी."

वासंतीच्या ओठांवर आलं होतं, तुम्हाला तरी कुठे ठाऊक होतं. शेजारी उभी राहून ती नखांनी कागद सोलू लागली.

झडपा फुगून बसल्या होत्या. दोघींनी मिळून लोटल्या, तिसऱ्या धक्क्याला उघडल्या. बाहेर मिठागरं होती, त्यांच्यापलीकडे भरतीचं पाणी. उन्हाचा चौकोन सारवलेल्या जमिनीवर पडला आणि खाऱ्या चिखलाचा वास घेऊन वारा आत शिरला.

प्रभाकर आणि आणखी एक शेजारी खाट उचलून घेऊन आले. प्रभाकरनेच ती खिडकीखाली सरळ करून दिली आणि मधूला हात देऊन बसवलं. मधूने डोळे मिटून तोंड उन्हाकडे केलं.

रखमाबाई अजून खिडकीशीच होत्या. त्यांनी गजांतून हात बाहेर काढला, तळवा उलटासुलटा केला आणि तसाच वाऱ्यात धरून ठेवला.

"गार आहे," त्या म्हणाल्या. मग स्वतःशीच म्हणाल्या, "पण बाधण्यासारखा नाही."