नऊपासून

"बाई, आज आकडा आम्ही सांगतो," बाईंनी खडू उचलायच्या आतच मॉनिटर उभा राहिला. "शंभर घ्या. नाहीतर चाळीस."

सगळा वर्ग माना डोलवायला लागला. पोरं आधी ठरवून आलीत, हे बाईंच्या लगेच ध्यानात आलं.

गणितातल्या फंक्शनचा सराव म्हटला की बाई मुलांनाच यंत्रं करत. चौघं फळ्यापुढे ओळीने उभे, प्रत्येकाच्या गळ्यात एक पुठ्ठा: 'दुप्पट कर', 'सात मिळव', असं काहीबाही. पहिल्याच्या हातात आकड्याची चिठ्ठी द्यायची. त्याच्यातून जे बाहेर येईल ते दुसऱ्याच्या पोटात, दुसऱ्याचं तिसऱ्याच्या. आणि सुरुवातीचा आकडा ठरलेला: बाईंच्या लेकाचं वय. "आमच्या कार्ट्यापासून सुरू करा," बाई म्हणायच्या, आणि कार्ट्याने आदल्या दिवशी काय दिवे लावले ते ऐकल्याशिवाय पोरं गणिताला हात लावत नसत.

मागच्या वर्षी याच वर्गात तो आकडा नऊ होता. सुट्टीत कार्टा सायकल घेऊन बाहेर पडला, तो घरी आलाच नाही.

रजा संपवून बाई आज पहिल्यांदा शाळेत आल्या होत्या. सकाळपासून शिक्षकांच्या खोलीत कोणी चहा पुढे केला, कोणी खुर्ची पुसून दिली, कोणी उगाच पंख्याच्या कुरकुरीवर बोलत बसलं. लेकाचा विषय मात्र कोणी काढला नाही. घरी नवराही काढत नाही. जसा काही तो कधी नव्हताच! चारचौघांत रडू फुटेल याची बाईंना भीती नव्हती. सगळे मिळून असं सांभाळून घेतील आणि त्यात आपलं पोर साफ पुसलं जाईल, ही भीती होती. आणि आता ही पोरंसुद्धा!

"नऊ," बाई म्हणाल्या.

मॉनिटर चुळबुळला. "बाई, मागच्या वर्षी नऊच होते..."

"यंदाही नऊच. पुढच्या वर्षीही नऊच. चला, कोण यंत्र होतंय?"

पहिले दोघं उभे राहिले, 'दुप्पट कर' आणि 'सात मिळव'.

"आज जरा वेगळं करू," बाई म्हणाल्या. "या दोघांनी आकड्याचं जे काही केलं, ते पुढच्या दोघांनी निस्तरायचं. नऊ आत गेले, तर नऊच बाहेर यायला हवेत."

वर्गात एका मुलीला सगळे रेडिओ म्हणायचे, कारण तिचं तोंड कधी बंद म्हणून नसायचं. ती 'निम्मं कर' गळ्यात घालून धावली. 'सात वजा कर'वाल्या लांबुडक्याला तिने मागे ढकललं. "दुप्पट आधी केलंय ना? मग निम्मंही आधी. सोप्पंय!"

नवाचे अठरा झाले, अठराचे पंचवीस. रेडिओने साडेबारा केले. लांबुडक्याने चिठ्ठी बघून डोकं खाजवलं. "साडेपाच, बाई."

"अगं बये," बाई म्हणाल्या, "आधी मोजे घालतेस, मग बूट. काढताना आधी काय काढतेस?"

"बूट."

"मग? जे शेवटी झालं, ते सगळ्यात आधी मागे घ्यायचं."

बोलून गेल्या आणि बाईंच्या हातातला खडू तसाच राहिला. हेच तर त्या रोज करत होत्या. आधी दवाखान्यातली पांढरी चादर मागे घ्यायची. मग तो ट्रक. मग जिन्यावरून खडखडत उतरलेली सायकल. आणि शेवटी उरायचं त्यांचं स्वतःचं वाक्य, पेपर तपासता तपासता वर न बघता टाकलेलं: "डोकं खाऊ नकोस माझं, जा, बाहेर खेळ जरा." तिथे येऊन सगळं अडायचं. ते मागे घेणारं यंत्र काही केल्या सापडत नव्हतं.

रेडिओ आणि लांबुडक्याने जागा बदलल्या. पंचविसातून सात गेले, अठरा उरले. रेडिओने निम्मे केले आणि चिठ्ठी हवेत नाचवत ओरडली, "आला परत, बाई! जसाच्या तसा!"

आणि तिने पटकन जीभ चावली. लांबुडक्याने तिला कोपराने ढोसलं.

बाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. त्यांनी ते पुसलं नाही, तोंडही फळ्याकडे वळवलं नाही.

"हो गं," त्या म्हणाल्या. "आला." मग त्यांनी नाक ओढलं. "आता दुसरे चौघं या. पुन्हा करा."

"कितीपासून, बाई?" मॉनिटरने विचारलं. तो क्षणभर घुटमळला. "कार्ट्यापासून?"

"आमच्या कार्ट्यापासून."

एरवी हा वर्ग दुसऱ्या उदाहरणालाच जांभया द्यायचा. त्या दिवशी घंटा होईपर्यंत चौघं जात राहिले, चौघं येत राहिले. पुठ्ठे बदलले, यंत्रं बदलली. दर वेळी नऊच परत आले, आणि कंटाळा आला असं एकही पोर म्हणालं नाही.