चार्जरकडची बाजू

जेवणं उरकली होती. देवेश उशीवर घोरत होता आणि त्याची बॅटरी बासष्ट टक्के होती.

उशी मुलुंडला, नवघर रोडवरच्या तिसऱ्या मजल्यावर. देवेश अमेरिकेत. तिकडे अजून उजाडायचं होतं. रविवारी दुपारी तो फोनमध्ये झोपायचा आणि अपूर्वा फोनशेजारी आडवी व्हायची. नवरा-बायकोने एकत्र झोपायची हीच काय ती वेळ. आपण तिला दिसावं म्हणून तो पलंगाजवळचा दिवा चालू ठेवायचा. आणि सासू, रुक्मिणी, जाता-येता फोनवर रुमाल पांघरायची.

"आई, कॅमेरा झाकला जातोय."

"झोपलेल्या माणसाक काय दिसूचा आसा? थंय बरफ पडता गो."

आज मात्र आडवं व्हायची सोय नव्हती. उद्या सकाळी वकिलातीत व्हिसाची मुलाखत होती. हे लग्न खरं आहे असं काचेमागच्या साहेबाला पटलं तर विमान, नाहीतर कोण जाणे किती वर्षं हीच उशी. म्हणून सासरे सकाळपासून साहेब झाले होते. त्यांचं नाव काशीराम, पण अख्खी सोसायटी त्यांना अण्णा म्हणायची. वर मुलाच्या लग्नातला कोट, खाली पट्ट्यापट्ट्यांची हाफ चड्डी. साहेबाचं कमरेखालचं काही दिसत नाही, असा त्यांचा अभ्यास होता. शोकेसची काच काढून त्यांनी टेबलावर उभी केली होती. ती पडू नये म्हणून दोन्हीकडून गव्हाचे डबे. काचेपलीकडे अर्ज म्हणून एक कोरा कागद, अलीकडे सोसायटीचा 'मंजूर' लिहिलेला शिक्का होता. अण्णा सेक्रेटरी असल्यामुळे तो घरातच असायचा. सकाळपासून त्याला हात लागला नव्हता. एकदा अपूर्वा हसली म्हणून नापास झाली, एकदा साहेबाची जेवायची वेळ झाली म्हणून.

"नेक्स्ट," अण्णा म्हणाले.

रांगेत ती एकटीच होती. तरी दोन पावलं मागे जाऊन पुढे आली.

"मॅडम, मिस्टरांची उंची?"

अपूर्वाने दोन्ही तळहात समोरासमोर धरले. मधे बरोब्बर एक फोन मावेल एवढी जागा. मग तिच्या लक्षात आलं आणि तिने हात खाली घेतले.

"नापास."

"अवो, काय चल्लाहा तुमचा?" रुक्मिणी स्वयंपाकघरातून ओरडली. "सकाळधरना पोरीक नापास करतास!"

"मधे बोलू नको. तुझो नंबर इलो नाय अजून," साहेब म्हणाला. "नेक्स्ट. मिस्टर बेडवर कुठल्या बाजूला झोपतात?"

"चार्जरच्या."

अण्णांनी चष्मा काढला. "काय?"

"वायर आखूड आहे ना, अण्णा. तो डावीकडेच असतो, प्लगजवळ."

ती मस्करी करत नव्हती. लग्नानंतर देवेशची रजा संपेपर्यंत गावचे पाहुणे घरातून हलले नव्हते. पुरुष हॉलमध्ये, बायका आत. ती चुलत आत्याच्या शेजारी झोपली होती. चुलत आत्या कुठल्या बाजूला झोपते हे तिला व्यवस्थित सांगता आलं असतं.

"इथलं नाही गं. तिकडे. त्याच्या पलंगावर."

अपूर्वाने फोनकडे पाहिलं. चेहरा, एक खांदा, उशीचा कोपरा. इतके दिवस तिला नवरा एवढाच दिसत आला होता. उरलेला कुठे ठेवलाय, हे तिने कधी विचारलंच नव्हतं.

"मला माहीत नाही," ती हळूच म्हणाली. "खरंच माहीत नाही, अण्णा. उद्या साहेबाने हेच विचारलं तर? एवढं साधं पण..."

अण्णांनी 'नापास' म्हणायला तोंड उघडलं आणि ते तसंच उघडं राहिलं. रुक्मिणी हातातल्या फडक्यासकट दारात येऊन उभी राहिली. घोरण्याच्या तालावर पंखा फिरत होता. दुपारच्या पिवळ्या उजेडात क्षणभर असं वाटलं, की सगळं घरच देवेशच्या झोपेत आहे आणि तो जागा झाला की कुणीच उरणार नाही.

तेवढ्यात खालून भंगारवाल्याची आरोळी आली. ती खिडकीतून आत शिरली, उशीवर चढली, फोनमधून अमेरिकेला गेली.

"थांब रे, आलो खाली," देवेश झोपेतच पुटपुटला आणि त्याने कूस बदलली. हाताचा धक्का लागून तिकडचा फोन घसरला आणि पाण्याच्या बाटलीला टेकून तिरका थांबला.

आता चेहरा नव्हता. पूर्ण पलंग होता.

देवेश भिंतीला चिकटून, अंग चोरून झोपला होता, गर्दीत जागा करून दिल्यासारखा. बाकीची गादी रिकामी. चादरीवर एक सुरकुती नाही. तिथे दुसरी उशी होती, दुकानातून आणलेल्या प्लास्टिकमध्ये तशीच. आणि उशीशेजारी, खोलीच्या पार दुसऱ्या टोकापासून ओढत आणलेली चार्जरची लांबलचक वायर. टोकाला काहीच लावलेलं नव्हतं.

रुक्मिणीने रुमाल उचलला होता, तो पांघरायचा सोडून हातातच ठेवला.

"विचारा परत," अपूर्वा म्हणाली.

अण्णांनी चष्मा परत चढवला. "मॅडम, मिस्टर कुठल्या बाजूला झोपतात?"

"भिंतीकडे. चार्जरकडची बाजू माझी."

अण्णांनी शिक्का घेतला, डब्याला वळसा घालून हात पलीकडे काढला आणि तिच्या पुढ्यातल्या कागदावर जोरात दाबला. काच थरथरली.

"झालो मा मंजूर?" रुक्मिणी म्हणाली. "आता उचला हात."

अण्णांनी ऐकलं. पण पोर गेली की इथली उशीही रिकामी. त्यांनी शिक्का तसाच दाबून धरला.