सावधगिरीची भर

चूक काही केल्या सापडत नव्हती. बाईंनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. टेबलावरचा चहा कधीच गार झाला होता.

पृथ्वीच्या चुंबकत्वात अडकलेले कण तिच्याभोवती पट्टा करून घिरट्या घालत असतात. माणूस त्यात जास्त वेळ सापडला तर आतून शरीराची चाळण होते. बाईंनी उभी हयात हे कण मोजण्यात घालवली होती. उपग्रहावरचं मोजणी यंत्र त्यांच्याच हातचं. गेल्या आठवड्यात सूर्य खवळला आणि पट्टा फुगला. आता त्यातून यान पाठवायचं की नाही, हे बाईंच्या आकड्यावर ठरणार होतं. यानातून चौघं जाणार होती. त्यांतली एक बाईंची मुलगी.

खरं तर मोहिमेचे प्रमुख म्हणाले होते, या खेपेला काम दुसऱ्या कुणाला देऊ. पण त्या यंत्राच्या खोड्या दुसऱ्या कुणाला ठाऊक होत्या?

आकडा माणसाला सोसवेल त्या मर्यादेच्या आत आला होता. अगदी काठावर, पण आत.

"बाई, चूक सापडत नाही म्हणून रडवेलं झालेलं माणूस मी पहिल्यांदाच बघतोय," शेजारी बसलेला गणिती म्हणाला. बाई हसल्या नाहीत.

एक वाट होती, आणि ती चोरवाटही नव्हती. यंत्र मोजतं ते उपग्रहाच्या मार्गातले कण. यानाचा मार्ग थोडा वेगळा. म्हणून आलेल्या आकड्यात सावधगिरीची भर घालायची, आणि ती किती हे यंत्र बनवणाऱ्यानेच ठरवायचं, असा तिथला रिवाज. बाई दहा टक्के धरत. आजचा आकडा ते धरूनही आत बसत होता. पंधरा धरले की बाहेर. मग उड्डाण पुढे ढकललं जाणार, आणि पुढच्या खेपेला पाळी दुसऱ्यांची. मुलगी जमिनीवर राहिली असती आणि कुणी ब्रसुद्धा काढला नसता.

फोन वाजला. मुलगीच होती.

"आई, काय आलं?"

"बघतेय अजून."

"जास्त आला तर मी मुकाट्याने घरी येईन गं. पण आकडा यंत्राचा असू दे. तुझा नको."

"जेवलीस का?" एवढंच बाईंना विचारता आलं.

"जेवले," मुलगी म्हणाली, आणि तिने फोन ठेवला.

गणिती कीबोर्डवर बोटं टेकवून थांबला होता. त्यालाही घरी एक लहान मुलगी होती. तो हलकेच म्हणाला, "बाई, पंधरा धरू? मी काही विचारणार नाही."

बाईंना हो म्हणायचं होतं. इतकं मनापासून त्यांना आयुष्यात दुसरं काहीच म्हणावंसं वाटलं नव्हतं.

"याआधी जी माणसं गेली, त्यांच्यासाठी किती धरले होते?"

"दहा. दर वेळी दहाच."

"मग दहाच लिही," बाई म्हणाल्या. "त्यांनाही आया होत्या."