मंडईतली कारली

गेलेल्या माणसांच्या मनातले विचार शोधून देणाऱ्या ऑनलाइन फोरमवर हेमलताबाईंनी नवऱ्याच्या पानावर स्वतःचं नाव टाकलं. फोरमनं पुन्हा तेच सांगितलं, 'दिवंगतांच्या विचारांत नातेवाइकांची नावं शोधता येत नाहीत.'

"आई, नाव नको, वस्तू टाक," लेक ऋजुता म्हणाली. "सगळे तसंच करतात. बाबांच्या मनात तू कशासोबत असशील?"

"कारल्याची भाजी," बाई चक्क लाजल्या. "दर रविवारी हट्टानं मागायचे. कारली मंडईतलीच हवीत म्हणायचे."

ऋजुता चहा ओतायला आत गेली. बाईंनी 'कारली' टाकलं. एकच विचार सापडला.

'कारली मागितली की ही मंडईत जाते. तेवढंच तासभर घरात सुख. भाजी गिळावी लागते, पण परवडतं.'

"काय गं, आलीस का त्यांच्या मनात?" ऋजुतानं आतून विचारलं.

"आले की," बाईंनी स्क्रीन बंद केला. "दर रविवारी."